कर्णबधिर बालकांचे दंतशिक्षण : प्रस्तावना

ऐकू येणाऱ्या मुलाला दात घासणे हा विषय म्हणून कोणी शिकवीत नाही. मोरीपाशी उभ्या असलेल्या आईच्या ‘मागच्या दाढा राहिल्या बघ’ या तंबीतून, आजोबांची दाढ का काढावी लागली याविषयी माजघरात चाललेल्या बोलण्यातून, पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईवर आजीने घातलेल्या निर्बंधांतून आणि त्या निर्बंधांवरून नातवंडांनी घातलेल्या हुज्जतीतून, म्हणजेच पुष्कळदा त्याला उद्देशून न उच्चारलेल्या शेकडो वाक्यांतून, त्या मुलाच्या मनात दातांविषयीचा कार्यकारणभाव नकळत रचला जातो. आणि पुढे शाळेत आरोग्याचा धडा येतो तेव्हा शिक्षकाला या रचलेल्या जोत्यावर चार विटा चढवण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही.

कर्णबधिर मुलाच्या वाट्याला हे संचित येत नाही. अशा मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, आणि त्या घरांत मुलाशी मनमोकळेपणाने बोलता येईल अशी सांकेतिक भाषा बहुधा कोणालाच अवगत नसते. आई ब्रश हातात देते, स्वतःच्या दातांवर बोट फिरवून दाखवते, मूल तिचे अनुकरण करते आणि काम झाले असे उभयतांना वाटते. परंतु ‘का’ हा प्रश्न त्या व्यवहारात कोठेच उपस्थित झालेला नसतो, आणि ज्या कृतीचे कारण ठाऊक नाही ती कृती सांगणारा माणूस दृष्टीआड होताच सुटते. प्रस्तुत पुस्तकाचा सारा खटाटोप या एका ‘का’साठी आहे. कर्णबधिर मुलाचे डोळे तल्लख असतात, तेव्हा चार रंगीत चित्रे आणि प्लास्टरचा जबडा दाखवला की त्याचे दंतशिक्षण पुरे झाले, हा समज सुशिक्षितांतही दृढमूल आहे. तो समज अपुरा आहे आणि त्याने मुलांचे प्रत्यक्ष नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताची हालचाल दाखवून शिकवता येते. तिचे कारण शिकवण्यास भाषा लागते.

या विषयात दोन प्रवाह येऊन मिळतात, आणि नवख्या वाचकाला दोहोंचा थोडा पूर्वेतिहास ठाऊक असणे इष्ट आहे. पहिला प्रवाह दंतस्वच्छतेचा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने दंतधावनासाठी बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढ्या जाडीची काष्ठे सांगितली असून कडू वृक्षांत निंब, तुरटांत खदिर, गोडांत मधूक आणि तिखटांत करंज श्रेष्ठ मानला आहे. खेड्यापाड्यांतून कडुलिंबाची आणि बाभळीची काडी अगदी अलीकडेपर्यंत याच परंपरेने चालत आली. युरोपात पियेर फोशार या फ्रेंच शल्यवैद्याने १७२८ साली दंतवैद्यकावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून या विद्येला शास्त्राचे रूप दिले. परंतु दात नेमका किडतो कसा याचा उलगडा होण्यास १८९० उजाडावे लागले. त्या वर्षी विलोबी मिलर यांनी असे प्रतिपादन केले की, तोंडातील जंतू साखर आणि पिष्ट पदार्थ यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. हे एकदा ध्यानात आल्यावर रोग होण्यापूर्वीच त्याला अटकाव करण्याची कल्पना बळावली. १९०२ साली स्ट्रासबर्ग येथे अर्न्स्ट येसेन यांनी शाळकरी मुलांसाठी दंतचिकित्सालय उघडले. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या मदतनीस आयरिन न्यूमन यांना १९०६ पासून दंतस्वच्छतेच्या कामाचे शिक्षण दिले आणि १९१३ साली त्यासाठी स्वतंत्र वर्ग काढून तेथे शिकलेल्या स्त्रियांना गावच्या शाळांतून पाठवले. न्यूझीलंडने १९२१ साली शाळांसाठी दंतपरिचारिका तयार करण्याचा उपक्रम सरकारी खर्चाने सुरू केला. लहान मुलांना आजही शिकवली जाणारी, दातांवर ब्रश गोलगोल फिरवण्याची रीत ही फोन्स यांचीच देणगी होय.

दोन प्रयोगांचा उल्लेख येथे टाळता येत नाही. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणे थांबवण्यास सांगितले, तेव्हा १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने ब्रशाच्या उपयुक्ततेविषयीचा वाद जवळजवळ मिटवला. दुसरा प्रयोग स्वीडनमधील विपेहोल्म येथील रुग्णालयात १९४० च्या दशकात सुरू झाला. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली याला अधिक महत्त्व आहे, दोन जेवणांच्या मधले गोड खाणे सर्वांत घातक आहे, हे आज प्रत्येक दंतवैद्य ज्या आधारे सांगतो ते ज्ञान मुख्यतः तेथून आले. परंतु ज्यांना चिकट टॉफ्या खाऊ घालून हे ज्ञान मिळवले ते सारे मतिमंद रुग्ण होते. त्यांची संमती कोणी घेतली नाही, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे दात कायमचे गेले. आपले म्हणणे मांडू न शकणाऱ्या माणसांच्या शरीरावर दंतशास्त्र जेवढ्या तत्परतेने शिकले, तेवढ्या तत्परतेने ते ज्ञान अशाच माणसांच्या दारी परत पोहोचवण्याची तजवीज मात्र कोणी केली नाही. हे ऋण आहे, आणि ते फेडण्याची जबाबदारी या व्यवसायातील प्रत्येकावर आहे.

दुसरा प्रवाह कर्णबधिरांच्या शिक्षणाचा, आणि तो पहिल्यापेक्षा बराच वादग्रस्त. अठराव्या शतकात पॅरिसला आबे द लेपे यांनी कर्णबधिरांच्या स्वतःच्या खुणांना शिक्षणाचे माध्यम केले, तर लाइपझिगला सॅम्युएल हाइनिके यांनी १७७८ साली उच्चार आणि ओष्ठवाचन यांवर भर देणारी शाळा काढली. पुढची दोन शतके या दोन संप्रदायांच्या झगड्यात गेली. १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने, जिथे दीडशेहून अधिक प्रतिनिधींत कर्णबधिर प्रतिनिधी अवघा एक होता, खुणांची भाषा वर्गाबाहेर घालवण्याचा ठराव केला, आणि त्याचा अंमल जगभरच्या शाळांतून इतक्या कडकपणे झाला की मुलांना हात हलवण्याबद्दल शिक्षा होऊ लागल्या. याच दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्णबधिरांची शाळा निघाली. आपल्याकडील शाळांवर मौखिक पद्धतीची छाया दीर्घकाळ राहिली, आणि सांकेतिक भाषा वर्गात नसली तरी वसतिगृहात, जेवणाच्या पंगतीत आणि अंथरुणांवर, थोरल्या मुलांकडून धाकट्यांकडे चालत राहिली. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयातील विल्यम स्टोकी यांनी १९६० साली अमेरिकन सांकेतिक भाषेचे विश्लेषण करून तिला स्वतःची रचना असल्याचे दाखवले, तेव्हा विद्वानांचे मत पालटू लागले. परंतु मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त होण्यास २०१० सालची व्हँकुव्हरची परिषद यावी लागली. भारतात मुंबईतील वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली आणि दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली स्थापन झाले. त्या केंद्राचा ३,००० शब्दांचा कोश २०१८ साली निघाला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला. वैद्यकीय व्यवहारातील शब्दांना त्यात स्वतंत्र स्थान आहे, ही आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी सोय होय.

दंतशिक्षणाचे संप्रदाय या जुन्या वादातूनच उत्पन्न झाले. मौखिक संप्रदायाचा शिक्षक मुलासमोर तोंड करून सावकाश, स्पष्ट बोलतो आणि मुलाने ओठ वाचावे अशी अपेक्षा करतो. पण प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, क आणि ग घशात उमटत असल्याने दिसतच नाहीत, आणि दंतवैद्याने तोंडावर मुखपट्टी बांधली की राहिलेलेही लोपते. दुसरा संप्रदाय दृक्साधनांचा : चित्रे, जबड्याच्या प्रतिकृती, चलच्चित्रे. यांतील चलच्चित्रांना खाली मराठी मजकूर जोडण्याची पद्धत आहे. ज्या सात वर्षांच्या मुलाला मराठी ही न ऐकलेली भाषा आहे त्याला तो मजकूर वाचता येत नाही, हे साधे सत्य ती तयार करणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. तिसरा संप्रदाय सांकेतिक भाषेचा, आणि त्याला लागूनच चौथा, ज्यात शिकवणारा स्वतः कर्णबधिर तरुण किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी असतो. मी या शेवटच्या दोहोंच्या बाजूचा आहे आणि ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

त्याचे कारण एका दाढेच्या दाखल्याने सांगता येईल. मूल सहा वर्षांचे होते त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे आईबापही तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडून नवी येईल’ म्हणून स्वस्थ बसतात. या दाढेबद्दल मुलाला जे सांगायचे ते असे : ही नवी आहे, बाकीचे पडतील, ही पडणार नाही, ही गेली तर पुन्हा येणार नाही, म्हणून हिला अधिक जप. यातील ‘नवी’ चित्रात दाखवता येईल. ‘पडणार नाही’, ‘पुन्हा येणार नाही’, ‘गेली तर’ आणि ‘म्हणून’ यांचे चित्र कोण काढणार? भविष्यकाळ, निषेध, अट आणि कारण हे भाषेचे प्रांत आहेत. सांकेतिक भाषेत ते चौघेही सुखाने नांदतात आणि सहा वर्षांच्या मुलाला, त्याला ती भाषा वेळेवर मिळाली असेल तर, विनासायास कळतात. उलट चित्राचा धोका असा की, दातावर हातोडे घेऊन बसलेले शिंगे असलेले जंतू पाहिलेले मूल तसले प्राणी आरशात शोधते, ते सापडले नाहीत म्हणजे आपले दात ठीक आहेत असे मानते, आणि त्याची समजूत पालटण्याचे साधन शिक्षकाच्या हाती नसते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि तिची जाण असलेले शिक्षक मला थोडे आढळले. ऐकणारे मूल एकाच वेळी जबड्याची प्रतिकृती पाहते आणि शिक्षकाचे बोलणे ऐकते. कर्णबधिर मुलाच्या दोन्ही कामांना डोळेच आहेत. ब्रश दाढेवर कसा तिरका धरावा हे ते पाहत असेल तर त्या क्षणी शिक्षकाच्या हातांतील वाक्य त्याच्या नजरेतून निसटते, आणि वाक्य पाहत असेल तर ब्रश निसटतो. बालदंतवैद्यकात १९५९ साली अॅडलस्टन यांनी रूढ केलेला ‘सांगा, दाखवा, करा’ हा क्रम प्रसिद्धच आहे. कर्णबधिर मुलासमोर त्याच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून चालत नाहीत. आधी खुणांनी सांगावे, मग हात खाली घ्यावे, मग दाखवावे, मग थांबून मुलाची नजर परत चेहऱ्यावर येण्याची वाट पाहावी, आणि मगच पुढचे वाक्य. धड्याला दुप्पट वेळ लागतो. शाळेच्या वेळापत्रकात हा वेळ मुकर्रर केलेला नसला तर उत्तम शिक्षकाचाही धडा अर्धवट पोहोचतो.

मुलाने स्वतः ब्रश हाती घेतला की तीच अडचण आरशापाशी उभी राहते. या पुस्तकात सुचवलेली युक्ती इतकी साधी आहे की तिचे मोल चटकन ध्यानात येत नाही : शिक्षकाने मुलाच्या समोर न राहता त्याच्या मागे उभे राहावे, म्हणजे एकाच आरशात मुलाला आपले दात, आपला ब्रश आणि शिक्षकाचे हात ही तिन्ही दिसतात आणि मान वळवावी लागत नाही. तसेच रंगाच्या गोळीचे. ही गोळी चावून थुंकल्यावर दातांवरील चिकट थर तेवढा लाल होतो आणि स्वच्छ दात पांढरा राहतो. एका निवासी शाळेच्या नळांच्या रांगेपाशी मी हा धडा चाललेला पाहिला. आरशात पाहून मुले आधी दचकली, मग एकमेकांचे ओठ वर करून पाहू लागली. एका मुलीच्या समोरच्या दातांवर कोठेच लाल नव्हते, पण उजव्या बाजूच्या खालच्या दाढांवर गडद लाल पट्टा होता. तिने ब्रश डाव्या हातात घेऊन पाहिला, उजव्यात परत घेतला, मनगट वळवून पाहिले, आणि पट्टा निघेपर्यंत ती तेथून हलली नाही. ‘इकडे माझा हात पोहोचत नव्हता’ असे तिने आपल्या बाईंना खुणांनी सांगितले. ते वाक्य तिचे स्वतःचे होते, आणि त्यात कारण होते.

घासण्याचा आवाज आपल्याला नकळत मार्गदर्शन करीत असतो. कर्णबधिर मुलाला त्याऐवजी जीभ वापरण्यास शिकवावे लागते, घासून झाल्यावर दातांच्या आतल्या बाजूवरून जीभ फिरवून गुळगुळीत लागते की खरखरीत हे तपासण्यास. दोन मिनिटांच्या मापासाठी वाळूचे घड्याळ पुरते. आणि एक गोष्ट श्रवणयंत्रांविषयी. यंत्र लावले, किंवा शस्त्रक्रियेने कॉक्लिअर इम्प्लांट बसवले, की मूल ऐकू लागते आणि मग वेगळ्या शिक्षणाची गरज नाही, असे आता पुष्कळ पालक मानतात. पण तोंड धुण्याच्या वेळी, सकाळी आणि विशेषतः रात्री निजण्यापूर्वी, पाण्याच्या भीतीने ती यंत्रे काढून ठेवलेली असतात. ज्या घटकेस दात घासायचे त्याच घटकेस मूल पुन्हा पूर्णपणे बहिरे असते.

दंतवैद्याच्या खुर्चीचा प्रश्न निराळा असला तरी त्याच्याशी निगडित आहे. खुर्ची मागे झुकली, दिवा डोळ्यांवर आला आणि वैद्य डोक्यामागे गेला की मुलाचा जगाशी असलेला संबंध तुटतो. पुढे कवटीतून जाणवणारी यंत्राची थरथर त्याला कोठून येते हे कळत नाही, आणि लावलेले श्रवणयंत्र शिट्ट्या घालू लागते. यंत्र आधी काढण्यास सांगणे, दिवा बाजूस करून मगच बोलणे, स्पर्श करण्यापूर्वी खांद्यावर हात ठेवणे, थांबण्याची एक खूण आधीच ठरवणे, एवढ्या गोष्टींनी निम्मी भीती जाते. तोंड उघडे ठेवूनही कर्णबधिर मूल हातांनी बोलू शकते, ऐकणाऱ्या मुलाला जे साधत नाही. आणि बऱ्याच सांकेतिक भाषांत दुखण्याची खूण दुखऱ्या जागेपाशीच केली जात असल्याने ते नेमके ठिकाण सांगू शकते. ते वाचण्याची तयारी वैद्याची हवी.

बहिरेपणाची काही कारणे दातांवरही आपला ठसा ठेवतात, हेही पालकांना ठाऊक असावे. गर्भावस्थेत आईला झालेला रुबेला श्रवणशक्तीबरोबर दाताच्या कवचाचीही हानी करू शकतो. नवजात अर्भकाच्या तीव्र काविळीने कान निकामी होतात त्याच मुलाच्या दुधाच्या दातांवर कधी हिरवट छटा येते. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांना कानाचे विकार वारंवार होतात. अशा मुलांच्या दातांची निगा अधिक लवकर सुरू झाली पाहिजे.

हा विषय आज तातडीचा का, याचे उत्तर आपल्याच सरकारी दप्तरात आहे. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची नोंद सुमारे ५० लाख आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० व्याधींच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे आणि दातांचे विकारही आहेत. एकाच तपासणीच्या तक्त्यावर दोन्ही नोंदी होतात. मात्र पहिली नोंद असलेल्या मुलाला दुसरीविषयी काय व कोणत्या भाषेत सांगावे याची तरतूद त्या तक्त्यात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांकेतिक भाषेला शिक्षणात मान्यता दिली, पण कायद्याचा मजकूर नळापर्यंत पोहोचवण्याचे काम शिक्षकांचे, अधीक्षकांचे आणि आयांचे असते. दंतमहाविद्यालयांनी कर्णबधिरांच्या शाळांत केलेल्या पाहण्यांत उपचारावाचून राहिलेली कीड आणि सुजलेल्या हिरड्या यांची नोंद पुनःपुन्हा होत आहे. आपल्या ग्रामीण भागात तर मशेरीचा प्रश्न आहेच : घरातील बायका ती लावताना मूल पाहते, त्यांची बोटे दातांवर फिरताना पाहते, आणि ती तंबाखू आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या पुस्तकाच्या कर्त्यांत एक दंतवैद्य आहेत आणि एक कर्णबधिरांच्या शाळेतील शिक्षिका. दोघांनी मिळून जे लिहिले त्याला केवळ चित्रांचे पुस्तक किंवा केवळ खुणांचा कोश म्हणता येणार नाही. पहिली दाढ, साखर आणि आम्ल, हिरडीचे रक्त, रात्रीचे घासणे, दवाखान्यातली पहिली भेट अशा एकेका प्रसंगाभोवती मुलाशी करावयाचे संभाषण त्यांनी रचले आहे, आणि प्रत्येक संभाषणात मुलाने उलट विचारण्याजोगे प्रश्न कोणते व त्यांची उत्तरे कशी द्यावी याचा तपशील दिला आहे. सांकेतिक भाषा न येणाऱ्या पालकांसाठी त्यांनी सोप्या वाक्यांची निवड वेगळी केली आहे. ही निवड मला पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग वाटते, कारण सुट्टीत घरी गेलेल्या मुलाचे शिक्षण वसतिगृहाच्या फाटकापाशी थांबते ही शिक्षकांची जुनी कैफियत आहे. काही प्रश्न पुस्तकाने हाताळलेले नाहीत. बहिरेपणाबरोबर अंधत्वही असलेल्या मुलांना हे सारे स्पर्शाने कसे शिकवावे हा त्यांतील मोठा, आणि त्यासाठी वेगळा ग्रंथ लागेल.

वापरणाऱ्यांना एक विनंती. पुस्तकातील खुणा प्रमाण भारतीय सांकेतिक भाषेला धरून आहेत, परंतु कोल्हापूरच्या मुलांची एखादी खूण नागपूरच्या मुलांच्या खुणेहून भिन्न असू शकते. आपल्या शाळेत मुलांमध्ये दाढेसाठी किंवा दुखण्यासाठी दुसरी खूण रूढ असेल तर धडा तिच्यातच सुरू करावा आणि प्रमाण खूण मागाहून जोडावी. त्यासाठी प्रत्येक पानाच्या उजव्या अंगास रुंद समास कोरा सोडला आहे. तेथे ती खूण काढून ठेवण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवावे, म्हणजे पुढील आवृत्तीच्या वेळी कर्त्यांना त्या नोंदी मागवून घेता येतील.